अकरा क्रमांकाचं पाकीट

स्क्रीनवर खाडीचं करडं पाणी पसरलं, काठाला एक होडी लागली आणि वर अक्षरं उमटली: 'तुम्ही हा खेळ पहिल्यांदाच खेळताय का?'

डॉ. सुलभा निगुडकरांनी 'हो' दाबलं. 'नावाडी'ची चाचणी-आवृत्ती एकदाची तयार झाली होती आणि तिचा प्रारंभ-धडा कसा जमलाय हे बघायची त्यांना कधीपासून उत्सुकता होती. नवख्याला खेळात घेणं म्हणजे पाहुण्याला घरात घेणं, असं त्या म्हणत. उंबऱ्यातच अडखळला तर तो परत कशाला येईल?

धडा चांगला होता. वल्हं कसं मारायचं, भरती कशी ओळखायची, उतारूला कोणत्या धक्क्यावर सोडायचं, सगळं घाई न करता सांगत होता. नकाशा मात्र नव्हता. खाडीचे फाटे खुणांवरून लक्षात ठेवायचे. इथे लाल कौलांचं घर, तिथे वाकलेला माड. दहा उतारूंपैकी सात जणांना बाईंनी नीट पोचवलं. तिघं भलत्याच धक्क्यावर उतरले आणि तोंड वाकडं करून निघून गेले.

"तुझ्या तिसऱ्या धक्क्याचा खांब पोकळ आहे रे, इरफान. होडी आरपार जाते त्यातून."

"टिपून ठेवतो, मॅडम," इरफान मुजावर म्हणाला आणि त्याने खरोखरच टिपून ठेवलं.

इरफान हा बाईंचा जुना विद्यार्थी. संगणकावरचे खेळ बनवणारी कोल्हापुरातली ही खेळशाळा आता तोच चालवत होता. बाई मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापक होत्या. निवृत्तीनंतर दर मंगळवारी सकाळी त्या सल्ला द्यायला येत. 'नावाडी'च्या मुळाशी असलेली कल्पना त्यांचीच. पण विद्यार्थ्याकडून वदवून घ्यायची सवय काही निवृत्त झाली नव्हती.

"सांग बघू, समतोलक म्हणजे काय. मी कुणी शेजारीण आहे असं समज."

इरफान हसला. हे त्याला पाठ असावं. "माणूस सारखा जिंकला तर कंटाळतो, सारखा हरला तर चिडून उठून जातो. दहांत सात वेळा जिंकला आणि तीन वेळा हरला, तर तो खेळतही राहतो आणि शिकतही राहतो. म्हणून समतोलक प्रत्येक खेळाडूवर नजर ठेवतो. तुम्ही तरबेज झालात की खाडीला नवे फाटे फुटतात. चुकायला लागलात की काही फाटे गुपचूप बुजतात. तुमचे गुण मात्र सातच राहतात."

"आणि खेळाडूला ते कळतं?"

"नाही कळत. कळलं तर मजा गेली."

"तीन वेळा हरणं महत्त्वाचं," बाई म्हणाल्या. "ते विसरू नकोस. हरवत नाही तो खेळ नव्हे, ते लाड झाले."

इरफानने स्क्रीनवर एक आलेख आणला. जानेवारीपासून बारा माणसं ही आवृत्ती घरी किंवा इथे येऊन खेळत होती. कोण कोण खेळतंय हे कळू नये म्हणून प्रत्येकाने आपलं नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद केलं होतं, पाकिटावर फक्त क्रमांक. ही पद्धत बाईंनीच घालून दिलेली, आणि पाकिटं बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवण्याचा आग्रहही त्यांचाच.

अकरा रेषा जिन्यासारख्या वर चढत होत्या. एक उतरत होती. अकरा क्रमांकाच्या खेळाडूने चौदा फाट्यांच्या खाडीत सुरुवात केली होती. आता त्याच्या खाडीला पाचच फाटे उरले होते.

"तुमच्या आज्ञावलीत काहीतरी गफलत आहे," बाई लगेच म्हणाल्या.

"तपासली, मॅडम. नाही."

"मग हा मनुष्य मन लावून खेळत नसेल."

"एक मंगळवार चुकवलेला नाही. आणि आणखी एक बघा. ऑगस्टपासून, 'पहिल्यांदाच खेळताय का' विचारलं की अकरा क्रमांक दर वेळी 'हो' म्हणतो."

बाईंनी चष्मा काढून पुसला. खुणा लक्षात न राहणं, वाटा हरवणं, केलेलं केलंच नाही असं वाटणं. हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं. खेळाने त्या माणसाला काही कळू दिलं नव्हतं. दर वेळी दहांत सात, म्हणजे सगळं ठीक. आपणच रचलेल्या युक्तीने कुणाचा तरी आजार झाकून ठेवला होता.

"हा माणूस विसरायला लागलाय, इरफान. त्याला सांगायला हवं."

"त्याला वाईट वाटेल."

"वाटू दे! त्याच्या डोक्यात काय चाललंय हे जाणण्याचा पहिला हक्क त्याचा, तुझा नाही. मूर्खासारखं काय बोलतोस?" बाईंचा आवाज चढला. मग त्या थबकल्या. "मंगळवारी म्हणालास? कुणी ओळखीचं आहे का?"

इरफानने अकरा क्रमांकाच्या नोंदींची यादी उघडली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मंगळवार, नऊ ऑक्टोबर. सकाळी सव्वादहा. पहिल्यांदाच: हो. पोचवलेले उतारू: सात.

भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते. सकाळपासून या खोलीत दुसरं कुणी आलं नव्हतं.

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. "मी चाचणीत नाहीच," त्या हळूच म्हणाल्या. "मी आज पहिल्यांदा..." त्यांनी हात पुढे केला. "डबा आण."

डब्यातलं अकरा क्रमांकाचं पाकीट हाताला जाड लागलं. त्याच्या तोंडावर चिकटपट्टी होती, तिच्याखाली आणखी एक, तिच्याखाली मूळचा वाळलेला डिंक. दोन्ही पट्ट्यांवर एकेक तारीख आणि सही होती. तीन जुलै. एकवीस ऑगस्ट. सही त्यांचीच होती, 'नि'ची वेलांटी मागे ओढून घेतलेली.

"आपण हे तिसऱ्यांदा उघडतोय, मॅडम," इरफान म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही. "सरांना सगळं माहीत आहे. डॉक्टरांना दाखवून झालंय, औषध चालू आहे."

सर म्हणजे बाईंचे यजमान. रोज सकाळी चहाबरोबर ते हातावर पांढरी गोळी ठेवत. रक्तदाबाची असेल, असं बाईंनी धरून टाकलं होतं.

"मग सरळ सांगायचं नाही? हा आलेख, हे प्रश्न, कशासाठी?"

"तुम्हीच लिहून ठेवलंय."

आत नावाच्या चिठ्ठीबरोबर एक कागद होता. 'मी विसरले तर मला सांगावं. नुसतं सांगितलेलं मी मानणार नाही, पुरावा समोर ठेवावा आणि मला माझं ओळखू द्यावं.' खाली दुसऱ्या तारखेची एकच ओळ: 'वरचंच. हयगय नको.'

बाईंनी कागद दोनदा वाचला. मन त्यांचंच होतं, यात शंका नव्हती. एवढं तरी जागेवर होतं.

"पहिल्या वेळी किती वेळ लागला मला?"

"आलेख लावला आणि दोन मिनिटांत तुम्ही म्हणालात, ही मी आहे."

"दुसऱ्या वेळी?"

"तो 'हो' दाखवावा लागला."

"आणि आज तू ओळीवर बोट ठेवलंस." बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. आता त्यांना सगळंच दिसायला लागलं. टेबलावर एका वेळी एकच फाईल ठेवणारा इरफान. पोकळ खांबाची, बहुधा दर मंगळवारची तीच, तक्रार निमूट टिपून घेणारा इरफान. "गधड्या, तूही फाटे बुजवतोयस होय रे? मला कळू न देता?"

इरफानने मान खाली घातली. "तुम्हीच शिकवलंत, मॅडम."

बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग पेन मागितलं. कागदावर तिसरी तारीख घातली आणि लिहिलं: 'बाकी सगळं सोपं केलंत तरी चालेल. हा एक डाव मला दर वेळी हरू द्यावा.' त्यांनी सही केली. इरफानने नवी चिकटपट्टी लावली आणि पाकीट डब्यात गेलं.

"समतोलक बंद कर," बाई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. "चौदा फाटे दे."

"मॅडम, एकही उतारू पोचणार नाही कदाचित."

"बघू की."

खाडी पसरली. होडी काठाला लागली आणि वर तीच अक्षरं उमटली. डॉ. सुलभा निगुडकरांनी या वेळी 'नाही' दाबलं.