सोबतीण वाजली नाही

पाळी सुटली की तासगावजवळच्या त्या बेदाणा कारखान्याच्या फाटकाशी बायकांची रांग लागायची. डोक्यावरची टोपी काढायची, हातमोजे टाकायचे आणि मनगटावरची सोबतीण उतरवून ट्रेमध्ये ठेवायची. वस्तू महागाची, घरी पोरं खेळायला घेतील, म्हणून मालकांनीच हा शिरस्ता घालून दिला होता. सकाळी आत शिरताना जिची तिची सोबतीण परत हातात.

सोबतीण म्हणजे करड्या रंगाचा एक पट्टा. नाडी, घाम आणि श्वास यांवरून बाई घाबरली आहे हे तो ओळखायचा, मोठ्याने वाजायचा आणि पोलीस ठाण्याला कळवायचा. त्याला बटण नव्हतं. कुणी हात धरल्यावर बटण दाबणार कोण? प्रत्येकीची नाडी निराळी, म्हणून पहिले काही आठवडे पट्टा नुसता शिकायचा की ही बाई एरवी कशी असते. त्याला मूळपातळी म्हणत. ही युक्ती पुण्याच्या केतकी गोंधळेकरची. तिचे सत्कारही झाले होते, शाल-श्रीफळ आणि लांबलचक भाषणांसकट.

तीच केतकी आता पल्लवी खरमाटेच्या तक्रारीत साक्ष द्यायला आली होती. एके दिवशी निवडणीवरून उठून पल्लवी शीतगृहात पेट्या लावत असताना सुपरवायझर संपतराव आत आला, त्याने दार लोटलं आणि तिच्यावर जबरदस्ती केली. संपतरावाचं उत्तर एका ओळीचं होतं, ‘मग पट्टा का नाही वाजला?’ पट्ट्यातली नोंद सांगत होती की त्या वेळी पल्लवी शांत होती. पोलिसांनी कारखान्याच्या तक्रार समितीकडे बोट दाखवलं. समिती म्हणाली, यंत्राचं कुणाशी वैर नसतं. तक्रार खोटी ठरली तर पल्लवीची नोकरी जाणार होती, आणि खोटारडी हा शिक्का मरेपर्यंत कपाळावर राहणार होता. बेदाणा निवडताना रोज तिच्या शेजारी बसणारी मालन मावशीसुद्धा, ‘मी काय बघितलं न्हाई,’ म्हणून मोकळी झाली होती.

पट्टा बिघडला आहे का ते तपासायला केतकी तो घेऊन पल्लवीच्या माहेरी गेली. पल्लवीने मनगट पुढे केलं, पण पट्ट्याकडे पाहिलं नाही.

“त्या टायमाला मी ह्याच्याकडंच बघत हुते, ताई,” ती म्हणाली. “आता वाजंल, आता वाजंल.”

पल्लवीची आई चहा घेऊन आली. अंगणात शेवग्याची सावली होती, पल्लवीची लेक येऊन तिच्या मांडीवर लवंडली आणि पल्लवी तिच्या केसांतून बोटं फिरवत बसली. बऱ्याच दिवसांनी तिचे खांदे जरा सैल झाले.

आणि सोबतीण वाजली.

पट्ट्यावर अक्षरं उमटली होती, ‘ठोके नेहमीपेक्षा धोकादायक कमी. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.’ केतकीने घाईने तिची नाडी हाताने मोजली. नाडी अगदी ठीक होती, कुणाही निवांत बसलेल्या माणसाची असते तशी.

“संपतराव कधीपासून त्रास देतोय?”

“पट्टं यायच्या लई आदीपास्नं. रोज माज्या पाठीमागनं फेऱ्या मारायचा. कवा हात लावंल, सांगता यायचं न्हाई.”

केतकीला उलगडा झाला. पट्टा या बाईला फक्त कारखान्यात भेटला होता. घरी हसणारी, झोपणारी पल्लवी त्याने कधी पाहिलीच नव्हती. दिवसभर छाती धडधडणारी बाई पाहून तो शिकला की हिचं हे असंच असतं. तिची भीती त्याने तिचा स्वभाव म्हणून लिहून घेतली, आणि खरंच घात झाला तेव्हा त्याला फारसं काही वेगळं वाटलं नाही. केतकीला त्या शालींची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने हे सगळं समितीपुढे मांडलं. अध्यक्षा डोईफोडे मॅडम बाई चांगल्या होत्या, पण सावध.

“हा तुमचा तर्क झाला. पुरावा?”

“दाखवते,” केतकी म्हणाली आणि त्यांना निवडणीच्या सभागृहात घेऊन गेली.

बेदाणा सरकत होता, बायका मान खाली घालून काड्या आणि खडे वेचत होत्या. केतकीने लॅपटॉपवरून साऱ्या सोबतिणींची शिकलेली मूळपातळी पुसली आणि साध्या, निर्धास्त माणसाची पातळी घातली. काहीच झालं नाही. डोईफोडे मॅडमनी भुवया उंचावल्या.

तेवढ्यात संपतराव दारातून आत आला. “काय चाललंय, मॅडम?” असं नम्रपणे विचारत तो बायकांच्या पाठीमागून चालू लागला.

पहिल्या रांगेतली कडेची सोबतीण वाजली. मग तिच्या शेजारची. तो चालत होता तसतसा आवाज त्याच्याबरोबर पुढे सरकत होता, तरण्या पोरींच्या मनगटांवर आणि नातवंडं झालेल्या बायांच्या मनगटांवरही. शेवटी तो थांबला. आवाज थांबला नाही. डोईफोडे मॅडम पांढऱ्याफटक पडल्या.

“पल्लवीला फोन लावा,” त्या एवढंच म्हणाल्या.

केतकीचे डोळे भरून आले. पल्लवी खरी ठरली होती. तिने आनंदाने बायकांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. एकही बाई वर बघत नव्हती. प्रत्येकीने दुसऱ्या हाताने आपलं मनगट घट्ट दाबून धरलं होतं, पट्टा गप्प व्हावा म्हणून. एक पोरगी तो दातांनी तोडू पाहत होती. दारात मालाच्या गाडीचे ड्रायव्हर आणि हमाल जमले होते, आणि कोणकोण वाजतंय ते बोटं दाखवून एकमेकांना सांगत होते. त्यांतले काही याच बायकांच्या गावचे होते, भावकीतले होते.

मालन मावशीचा पट्टा सगळ्यांत मोठ्याने वाजत होता. तिने तो पदराखाली घेतला आणि केतकीकडे पाहिलं.

“पल्लीचं भलं झालं, पोरी,” ती म्हणाली. “पर आमचं असं चारचौघांत वाजवायच्या आदी, आमास्नी इचारलंस का?”