सावडीतला हात

"तू बाहेरून कडी लावतंस ना, ती मला आयकू येते गो."

रंगूबाईंनी हे इतक्या सहज म्हटलं की भाजीची पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता सारिकाचा हात तसाच अधांतरी राहिला... भांडणाचा सूर असता तर तिला बरं वाटलं असतं; भांडणाला निदान उत्तर देता येतं. पण सासूबाई खिडकीशी बसून लसूण सोलत होत्या, बाहेर पाऊस पडतोय हे सांगावं तशा बोलल्या होत्या, आणि बोलून झाल्यावर पुन्हा लसणाकडे वळल्या होत्या. सारिका चोराचिलटांबद्दल काहीतरी पुटपुटली आणि तिने गॅस पेटवला. सकाळपासूनचा शीण खांद्यांतून पाठीत उतरत होता. देवा, एका बाईने किती जणांची राखण करायची!

कारण राखण हेच तिचं आयुष्य होऊन बसलं होतं. नवरा, किशोर, भिवंडीच्या गोदामात सुपरवायझर. सुट्टी मिळाली की वीर स्टेशनला गाडीतून उतरून रिक्षाने महाडात यायचा, जेवायचा, झोपायचा, जायचा. लेकीला, ओवीला, शाळेतून आणायला घरचं माणूस हवं म्हणून सारिकाने प्रयोगशाळेतली आपली नोकरी सोडली होती. रसायनशास्त्रातली पदवी घेतलेली ती बाई आता दुपारी शेजारच्या आळीत मुलांच्या शिकवण्या घ्यायची, आणि त्यातही तिचं अर्धं लक्ष घड्याळाकडे, अर्धं आभाळाकडे. तुडीलच्या माहेरी तिने लहानपणी सावित्रीचं पाणी माजघरात शिरलेलं पाहिलं होतं. सगळे नको नको म्हणत असताना गोठ्यातली म्हैस सोडायला परत गेलेले चुलत आजोबा पुन्हा दिसले नव्हते... तेव्हापासून 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्या माणसाचा तिला मनस्वी राग यायचा.

आणि रंगूबाई तेच म्हणायच्या. पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत त्यांची वाडी. दोन पावसाळ्यांपूर्वी वरच्या उतारावर भेग पडली, सरकारी माणसं येऊन पाहून गेली, आणि वाडी धोक्याची ठरली. आता दर पावसाळ्यात माणसांनी खाली उतरून शाळेच्या वर्गांत राहायचं, असा हुकूम. माणसं वर्गात आल्यामुळे शाळेतली पोरं देवळाच्या ओसरीवर बसून पाढे म्हणायची. सगळ्यांचं रक्षण होत होतं आणि कोणीच आपल्या जागेवर नव्हतं. सारिकाने सासूला त्या गर्दीत ठेवलं नाही, आपल्याकडे आणलं. केवढं केलं तिने त्यांच्यासाठी! वेगळी गादी, वेळेवर गोळ्या, बिनतिखटाची भाजी... तरी आषाढ लागताच एका दुपारी म्हातारी घरातून नाहीशी झाली, आणि सापडली ती एसटी स्टँडवर, पोलादपूरच्या गाडीशी, ओल्या लुगड्यात. विचारलं तर तोंड उघडेना. तिला विसर पडू लागलाय, असं सारिकाने मानलं. आईला बाहेर सोडू नकोस म्हणून किशोरने फोनवर बजावलं, आणि त्या दिवसापासून शिकवणीला जाताना सारिका बाहेरून कडी घालू लागली. प्रत्येक वेळी तिच्या काळजात बारीकशी कळ उठायची... पण हात मात्र न चुकता कडीकडे जायचा.

ओवीच्या शाळेचंही तेच चाललं होतं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असा एक निरोप मोबाइलवरून सगळ्या आयांपर्यंत पोचला होता. टोळी कोणी पाहिली नव्हती, पण पालकसभेत सगळ्यांत आधी उभी राहून बोलली ती सारिकाच. फोटोचं कार्ड असल्याशिवाय मूल कोणाच्या हाती द्यायचं नाही, हा नियम तिचाच. कार्डावर तिने स्वतःचं नाव घातलं. सासूचं घालावं का, असं बाईंनी विचारलं, तर ती घाईघाईने नको म्हणाली. मग नियमाला नियम फुटत गेले. मधल्या सुट्टीत मैदानावर जायचं नाही, जिन्यात थांबायचं नाही, पाणी प्यायलाही रांगेने आणि विचारून. हल्ली ओवी घरीसुद्धा विचारायची, "मम्मी, पाणी पिऊ?" शहाणी झाली हो पोर, असं सारिका मोठ्या कौतुकाने सांगायची.

त्या शनिवारी शिकवणी लांबली. सारिका तशीच छत्री सावरत शाळेच्या फाटकाशी पोचली, पर्स उघडली, सगळे कप्पे उलटेपालटे केले. कार्ड घरीच राहिलं होतं. फाटकावरचा महादू तिला रोज पाहायचा, तिच्याशी पावसापाण्याचं बोलायचा. पण आज तो ओशाळवाणा हसला, कार्ड नसलं की सोडता येत नाही म्हणाला, आणि हळूच पुढे म्हणाला की मॅडम, तुमीच तर सांगितलंत. बाकीची मुलं पांगली. जाळीच्या पलीकडे ओवी दप्तर घेऊन उभी होती. रडत नव्हती, हाक मारत नव्हती, आई अगदी समोर असून पलीकडे का, असंही विचारत नव्हती... उभं राहा म्हटलं म्हणून उभी होती. त्या शहाणपणाकडे पाहून सारिकाला पहिल्यांदाच भीती वाटली.

ती जवळजवळ धावतच घरी आली. कडी काढली, दार ढकलायला गेली, तर दार आतून कोणीतरी आधीच ओढलं. उंबऱ्यापाशी रंगूबाई उभ्या होत्या. घामाघूम, पदर खांद्यावरून ओघळलेला, आणि दोन्ही हातांत घट्ट धरलेलं ते कार्ड.

"फळीवर दिसलं गो... पोर आडकंल म्हनून मी कवापास्नं हाका मारतेय. खालची बाई वर बघून हसली आन आत गेली. रस्त्यानं येक छत्रीवाला चालला व्हता, त्याला हाक मारली, त्यो बी गेला. शाळा ही हितं. मी आनून दिलं असतं का नाय?"

सारिकाने कार्ड हातात घेतलं. खालची बाई का हसली, छत्रीवाला का थांबला नाही, हे फक्त तिलाच ठाऊक होतं! आमच्या आईंना हल्ली विसर पडतो, खिडकीतून हाका मारल्या तर मनावर घेऊ नका, असं तिनेच तर आळीभर सांगून ठेवलं होतं...

ओवीला घेऊन ती परतली, तेव्हा रंगूबाईंनी चहा टाकला होता. पोरीला जवळ ओढून त्यांनी तिचे ओले केस पुसले. सारिका भिंतीला टेकून खाली बसली. मग न राहवून तिने विचारलं की आई, तुम्ही त्या दिवशी स्टँडवर कशाला गेला होतात? कुठे निघाला होतात?

रंगूबाईंनी टॉवेलाची घडी करून मांडीवर ठेवली.

"त्या दिशी वाडीतनं परयागीचा फोन आला व्हता. म्हनली, रंगे, तुजं घर सावडीतनं गेलं. तुज्या सुनंनंच भिकाजीला कळवलं. मी वाट चुकले नव्हते गो सारके. मी माजा हात द्याला निगाले व्हते."

आणि मग तुटक तुटक बोलत त्यांनी सांगितलं, ते सारिकाला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं. वाडीत नाचणीची लावणी सावडीने होते. आज सगळ्या घरांचे हात एकाच्या वरकसात, म्हणजे डोंगरउतारावरच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. कोणी मजूर लावत नाही. प्रत्येक घराने एक हात द्यायचा. म्हातारा चालतो, पोरगा चालतो, पण हात पाहिजे. ज्या घराचा हात नाही ते घर सावडीत नाही, आणि जे सावडीत नाही त्याची मांडवाला, मयताला कोणी वाट पाहत नाही. किशोरचे वडील गेले त्या पावसाळ्यातही, बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी, रंगूबाई भिकाजीच्या वरकसात ओणव्या उभ्या होत्या.

आणि सारिकाने काय केलं होतं? ज्येष्ठात, वाडीची सावड जुळवणाऱ्या भिकाजीला फोन लावून मोठ्या प्रेमाने सांगितलं होतं की आईंना यंदा धरू नका, त्यांना झेपत नाही, आम्ही नाचणी दुकानातून आणू. तिच्या मते ती सासूचे कष्ट वाचवत होती. तुडीलला भातलावणीला मजूर यायचे. 'धरू नका' म्हणजे वाडीत काय होतं, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. सासूचं उभ्या जन्माचं घर तिने दोन वाक्यांत माणसांतून उठवलं होतं... आणि वर त्यांना बिनतिखटाची भाजी वाढली होती!

तिने त्याच संध्याकाळी भिकाजीला फोन केला. तो आधी अवघडला, वयनी, तुमीच बोल्लात म्हणून आम्ही ऱ्हायलो, म्हणाला. मग त्याने सांगितलं की पावसाने लावणी मागे पडलीय. उघडीप असली तर तलाठी दुपारपर्यंत वर जाऊ देतात. उद्या त्याच्याच वरकसात पहिली लावणी आहे. हात आला तर घर सावडीत. त्यात विचारायचं काय.

सकाळी आभाळ धुवट, पण कोरडं होतं. पोलादपुरातून निघालेल्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून तिघी वर निघाल्या. वळणावळणाला सारिका दरडीकडे पाहत होती, ओवीचं मनगट धरून. खालच्या शाळेत बाकं भिंतीशी रचलेली, व्हरांड्यात चुली, फळ्यावर कोणीतरी भाकरीच्या पिठाचा हिशेब मांडलेला. रंगूबाईंना पाहताच प्रयागबाई धावत आली, आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या दंडांना धरून नुसत्याच उभ्या राहिल्या.

वरकसात पोचल्यावर भिकाजीने रीतीप्रमाणे विचारलं, कोणाचा हात? रंगूबाई पुढे झाल्या, पण चढणीने त्यांना धाप लागली होती. सारिकाने साडी खोचली. तिने काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "रंगूच्या घरचा. सुनंचा हाय. कच्चा हाय, घ्या संभाळून."

"मॅडमचा हात," प्रयागबाई म्हणाली, "रोपाला मुळं कुठं असत्यात ते दावा आधी." सगळी रांग हसली. सारिकाही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ती ओणवी झाली. चिखलात रोप ठेवायचं, बोटाने दाबायचं, पुढे सरायचं... तिच्या ओळी वाकड्या जात होत्या, कंबर मोडून येत होती, आणि मागून कोणीतरी न बोलता तिची रोपं सरळ करत येत होतं. बांधावरून ओवीने दोनदा विचारलं, "मम्मी, उतरू?" गलक्यात कोणाला ऐकूच गेलं नाही. पोर जरा वेळ थांबली, इकडेतिकडे पाहिलं, आणि उतरली.

पाठ सरळ करायला सारिका उभी राहिली, तेव्हा वरच्या उतारावरची ती भेग तिला दिसली. काठावर गवत माजलेलं, आत काळोख. तिने वळून ओवी कुठे आहे ते पाहिलं. बांधावर बसलेल्या रंगूबाईही तिकडेच पाहत होत्या.

"तुला वाटतं मला भ्या वाटत नाय," त्या हलकेच म्हणाल्या. "लय वाटतं. पन भ्यायचं तर आपल्या मानसांत बसून भ्यावं. तुज्या त्या खोलीत मी येकलीच भीत व्हते गो..."

दुपार कलायच्या आत पश्चिमेकडून ढग चढले. भोंगा वाजला नाही, कोणी हुकूम दिला नाही. रंगूबाईंनी वर पाहिलं, "चला" म्हणाल्या, आणि अर्धी मूठ रोपं तशीच ओल्या मातीत ठेवून सगळी रांग मुकाट्याने उतरू लागली. सारिका त्या पाठमोऱ्या माणसांकडे पाहत राहिली. इतके दिवस या माणसांना जिवाची पर्वा नाही, असं ती समजत आली होती!

शाळेच्या पायरीवर रंगूबाई थांबल्या. आपण इथेच राहणार, भिकाजीनंतर पाळी आपली, उद्या आपल्या घरची लावणी आहे, असं त्यांनी सांगितलं. चला ना, असं सारिकाच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं, आणि पर्समधून गोळ्यांची पाकिटं काढून प्रयागबाईच्या हातात दिली. मग तिला धीर धरवेना. सासूच्या पायांशी वाकून ती रडत रडत म्हणाली, "आई, मी तुम्हाला आळीभर विसराळू ठरवलं..."

"व्हय? आन मी परयागीला सांगितलं व्हतं, सून न्हाय, जेलर हाय म्हनून." रंगूबाईंनी तिच्या गालावरचा चिखल पदराने पुसला, त्यांचा स्वतःचाच हात चिखलाचा होता, तो आणखीच पसरला. "ऊट. पोरीला भूक लागली आसंल. उद्याला जमलं तर ये. नाय जमलं तर आजचा हात पुरं हाय."

जीप घाट उतरू लागली तसा पावसाने जोर धरला. ओवी मांडीवर झोपली होती, नखांत माती घेऊन. सारिकाचं अंग अंग ठणकत होतं, आणि काळजी... ती काही कमी झाली नव्हती. प्रत्येक वळणाला तिला परत फिरावंसं वाटत होतं. तेवढ्यात किशोरचा फोन आला. आईला द्यायला सांगितलं त्याने. आई इथे नाही, वर आहे, शाळेत, वाडीच्या माणसांबरोबर, असं सारिका म्हणाली, तसा तो भडकला. अशा पावसात तिला सोडून आलीस, तिला काही झालं तर जबाबदार कोण, असं त्याने दरडावून विचारलं.

"मी," सारिका म्हणाली. "पण आई तिथेच राहतील. मी आज आपल्या घरचा हात देऊन आले."

फोन तुटला असं वाटून तिने तो कानापासून काढला, पुन्हा लावला. गोदामातल्या गाड्यांचा घरघराट येत होता, आणि त्यात कोणीतरी नाक ओढल्यासारखा आवाज.

मग त्याने विचारलं, अगदी लहान होऊन, "कोणाच्या वरकसात गं?"

"भिकाजीच्या."

"म्हंजे उद्या आपल्या वरकसात..." तो म्हणाला.