सहाशे वाक्यांचा आवाज

"माझ्या सासूबाईंचा आवाज गेलाय," खुर्चीत टेकण्याआधीच तो म्हणाला.

"मग घशाच्या डॉक्टरांकडे जा," दादा म्हणाले. "इथे चोऱ्यामाऱ्यांचा तपास होतो."

"पहिल्यांदा डॉक्टरांनीच काढला. आता दुसऱ्यांदा गेलाय."

चौकसताईंनी पेन खाली ठेवलं. विमा कंपनीत तीस वर्षं खोटे दावे पकडण्यात घालवलेली ही बाई. निवृत्त झाल्यावर घरी स्वस्थ बसवेना, म्हणून लोकांची कोडी सोडवायला लागली आणि ऑफिसात पडलेलं टोपणनावच दारावरच्या पाटीवर लावून मोकळी झाली. दादा त्यांचे थोरले भाऊ. मदतीला म्हणून येत आणि मुख्यतः बिस्किटं संपवत.

आलेला माणूस चष्म्याच्या दुकानात कामाला होता. शर्टाच्या खिशात इवलाले स्क्रूड्रायव्हर खोचलेले, डोळे जागरणानं लाल.

"सासूबाई कपडे शिवतात," तो म्हणाला. "मागच्या वर्षी स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशनच्या आधी तीन आठवडे बसून त्यांनी आपल्या आवाजात सहाशे वाक्यं टॅबमधल्या एका अ‍ॅपमध्ये भरून ठेवली. हव्या त्या वाक्यावर बोट ठेवलं की टॅब त्यांच्या आवाजात बोलायचा."

"छान की."

"पण अ‍ॅप बनवणारी कंपनी बंद पडली. टॅबची सिस्टिम नवी झाली की ते उघडतच नाही, आणि ती वाक्यं दुसऱ्या कुठल्या यंत्रावर चालत नाहीत. म्हणून मी टॅब रूट केला. म्हणजे कंपनीचं कुलूप काढून सगळ्या किल्ल्या आपल्याकडे घेतल्या आणि अपडेट आणणारा प्रोग्रामच गोठवून टाकला. घरात सगळ्यांना रोज बजावायचो, अपडेट झालं तर आईंचा आवाज गेला म्हणून समजा."

"आणि तरीही झालं?"

"सोमवारी आईंनी टॅब उघडला, तर नवी सिस्टिम. अ‍ॅप नाही, फोटो नाहीत, सगळी कोरी पाटी. चार दिवस झाले, बायको माझ्याशी बोलत नाही. म्हणते, तुझ्या खटपटीनंच घात केला." "मी चुकलो असेन तर तसं सांगा, ताई. पण मला कळू दे."

चौकसताईंनी चप्पल पायात सरकवली.

घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं. दांडीवर अर्धवट शिवलेले कपडे, प्रत्येकाला मापाची चिठ्ठी टाचलेली. मशीनमागे बसलेल्या शिवणबाईंनी काळ्या कापडाच्या तुकड्यावर बेतायच्या खडूनं लिहिलं, 'बसा.' लगेच ते झटकून पुसलंही. बोलक्या बाईवर ही पाळी आलेली पाहून दादांना कसंसंच झालं.

बेतायच्या टेबलावर जुनाट कव्हरातला टॅब पडला होता. दादांनी तो चालू केला. "सकाळपासून इथेच आहे म्हणता, आणि अजून ब्याण्णव टक्के! माझा फोन दुपारीच आटोपतो."

चौकसताईंनी कव्हर काढून त्याच्या कोपऱ्यातून बोट फिरवलं. काहीतरी टोचलं. त्यांनी बोट रुमालाला पुसलं आणि रुमालाची घडी घालून ठेवली.

काज-बटणं करणाऱ्या मावशी आपणहून सांगायला आल्या.

"माझाच हात लागला असेल हो. पडद्यावर काही आलं की मी आपली 'हो' म्हणते. नाही म्हटलेलं बरं दिसत नाही."

"टॅब नेहमी याच टेबलावर असायचा?"

"छे! त्या भिंतीपाशी, वायर लावून. वायर काढली की दोन तासांत मान टाकायचा."

मग शिवणबाईंची मुलगी आली. नवऱ्याकडे न बघता बसली.

"नवीन अ‍ॅप घे म्हणून मीच आईच्या मागे लागले होते," ती म्हणाली. "त्यात यंत्राचा आवाज येतो, पण गोड येतो. आईनं ऐकलं नाही. तिनं गिऱ्हाइकांची वाक्यं वेगळी ठेवली होती, माझी वेगळी. रागवायचं पान फक्त बाबांसाठी. सगळ्यात जास्त वाक्यं तिथेच!"

शिवणबाईंनी खडू उचलला. 'रविवारी दिवसभर आत चार्जिंगला होता.'

तेवढ्यात टेबलावरचा टॅब वाजू लागला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते. आतून मास्तर, म्हणजे शिवणबाईंचे यजमान, एका हातात पाणी आणि दुसऱ्यात गोळी घेऊन आले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. येता येता स्टुलाला अडखळले, थोडं पाणी सांडलं.

"चारची गोळी," ते पुटपुटले.

"टॅबमधली ही घंटा लावणं तेवढं बाबांना जमतं," मुलगी म्हणाली. "बाकी त्यात ते हात घालत नाहीत."

चौकसताईंनी शिवणबाईंची गोळी घेऊन होईपर्यंत वाट पाहिली. मग जावयाकडे वळल्या.

"अपडेट झालेलंच नाही. तुम्ही गोठवलेलं अजून गोठलेलंच आहे."

"पण मी डोळ्यांनी..."

"तुम्ही नवी सिस्टिम पाहिलीत. पण हा टॅब तो नव्हेच. तसाच दुसरा आहे."

मावशींनी सुई कापडात खोचून ठेवली.

"दोन तासांत मान टाकणारी बॅटरी अपडेटनं तरुण होत नाही," ताई म्हणाल्या. "माझ्या दादानं ते पाहिलं, फक्त त्याला कळलं नाही." दादांनी खाकरून बिस्किट शोधलं. "कव्हर मात्र जुनंच. त्याच्या कोपऱ्यात काचेचा कण होता." त्यांनी रुमालाची घडी उलगडली. "म्हणजे आधीचा टॅब फुटला. आणि शेवटचं: टॅबची कोरी पाटी झाली असेल, तर चारची घंटा त्यात राहिली कशी? ती कुणीतरी नव्यानं लावली. आवाज परत आणता येईना, पण गोळी चुकू नये, एवढं ज्याला कळत होतं आणि जमत होतं, असं या घरात एकच माणूस आहे."

मास्तरांनी हातातला पेला खाली ठेवला. ते आत गेले आणि चित्रांची जाड फाइल घेऊन आले. दोन पुठ्ठ्यांमध्ये जाळी जाळी झालेला टॅब होता.

"शनिवारी ती झोपल्यावर वायर लावताना हातातून सुटला," ते म्हणाले. "तिनं तीन आठवडे घसा दुखत असताना भरलेला आवाज मी फोडला हो. रविवारी बाजार पालथा घालून तसाच जुना शोधला. म्हटलं, यंत्राचं नाव घेतलं की कुणाला बोल लागणार नाही. जावईबापूंवर येईल हे डोक्यातच आलं नाही. आलं तेव्हा तोंड उघडेना."

शिवणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"पडल्यावर वायर लावून पाहिलीत?" चौकसताईंनी विचारलं.

"धीरच झाला नाही."

ताईंनी फुटका टॅब भिंतीपाशी नेऊन वायर लावली, बटण दाबून धरलं. पडदा काळाच राहिला. मग टॅबनं चालू होतानाची बारीकशी धून वाजवली.

"पडदा मेलाय, टॅब नाही!" जावई ओरडलाच. "आणि हा दुसरा अगदी तसाच आहे. याचा पडदा त्याला बसेल!" त्यानं खिशातले चष्म्याचे स्क्रूड्रायव्हर टेबलावर ओतले.

"उजेड पुरतोय का तुला?" त्याच्या बायकोनं विचारलं. चार दिवसांतलं तिचं हे पहिलं वाक्य. त्याच्या उत्तराची वाट न बघता ती मशीनचा दिवा हातात धरून उभी राहिली.

दीड तास लागला. जाळी जाळी झालेला पडदा टेबलावर एका बाजूला पडला, आणि जुन्या टॅबवर ओळखीचं चिन्ह दिसलं. जावयानं तो दोन्ही हातांनी सासूबाईंपुढे ठेवला.

मास्तर दाराशीच उभे होते. शिवणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, बोटानं एकेक पान सरकवत एका ठिकाणी थांबल्या आणि दाबलं.

"अहो, तुमच्या हातात एक वस्तू धड राहील तर शपथ!"

खणखणीत आवाज खोलीभर घुमला. मावशी हसत सुटल्या, मुलगी रडायला लागली. मास्तर अडखळतच पुढे आले आणि मशीनजवळच्या स्टुलावर बसले.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.