रिकाम्या खोलीचा आवाज

दुपारचं जेवण उरकून ताई रेकॉर्डिंगला आली. पुस्तकं आपल्या आवाजात वाचून रेकॉर्ड करून देणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. आजचं पुस्तक मात्र घरचंच म्हणायचं. तिच्या कॉलेजातल्या टोळक्यातला मास्तर रिटायर झाला, नुसतं बसवेना म्हणून लेखक झाला आणि त्यानं रहस्यकादंबरी लिहिली. सुट्टीला गेलेले चार दोस्त, आणि त्यांतली एक दम्यानं तडफडून मेलेली. तिचा श्वासाचा पंप कुणीतरी लपवला होता. नावं बदलली म्हणून काय झालं? ती त्यांच्याच टोळक्यातली चिऊ, हे आंधळ्यालाही कळलं असतं. चिऊही अशीच सुट्टीत दम्यानं गेली होती, आणि तिचा पंपही शेवटपर्यंत सापडला नव्हता.

खुनी कोण, ते मास्तरनं शेवटच्या पानावरही लिहिलं नव्हतं. पुस्तक हाती आलं तेव्हाच ताईनं फोनवर त्याला झापलं होतं.

"माहीत असतं तर लिहिलं नसतं का?" तो म्हणाला. "मी तेव्हा सामान आणायला गेलो होतो. घरात तुम्ही तिघंच होतात... चिऊ, तू आणि तुझा नवरा."

तेव्हापासून ताईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. एक मेलेली, एक ती स्वतः. उरला कोण, हे सांगायला मास्तर कशाला हवा? पण कुणाच्या एका वाक्यावर कुणी संसार मोडत नाही. नवऱ्याचा यात हात नसावा, एवढंच तिला हवं होतं.

वाचन संपलं. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "ताई, आता मिनिटभर गप्प. खोलीची शांतता घेतो."

दोन वाक्यांमधली फट बुजवायला त्याच खोलीची शांतता लागते, जसं ठिगळाला त्याच ताग्यातलं कापड. ताई गप्प बसली. थोड्या वेळानं त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"श्वास जरा हळू घ्या... छातीत शिट्टी वाजतेय."

"माझ्या? मला साधी सर्दीही होत नाही."

त्यानं तिला बाहेर बोलावलं, दार लावलं आणि रिकाम्या खोलीची शांतता घेतली. मग हेडफोन तिच्या कानांवर चढवला.

घरघर... ओढून घेतलेला श्वास... पुन्हा घरघर. होस्टेलात शेजारच्या, चिऊच्या खाटेवरून येणारा हाच आवाज ऐकत ताई रोज झोपायची.

तेवढ्यात नवरा तिला न्यायला आला. सगळं ऐकून त्यानं हसण्यावारी नेलं.

"मास्तरनं डोकं फिरवलंय तुझं. थांब, मीच बसतो आत. बघू कोण शिट्ट्या मारतंय."

ताईनं अडवलं नाही. खरं तर तो आत जावा, असंच तिला वाटत होतं.

दार लागलं. काचेपलीकडे नवरा आधी मजेत हाताची घडी घालून बसला. मग हळूहळू त्याची मान समोरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे वळली, आणि तो दबक्या आवाजात बोलू लागला. हेडफोनमध्ये आता घरघर नव्हती. फक्त त्याचा आवाज, आणि मध्येमध्ये कुणी काही विचारावं एवढी शांतता.

"हो... माझ्याच खिशात होता."

शांतता.

"तू आपल्या दोघांचं सगळं तिला सांगणार म्हणालीस... मी काय करणार होतो?"

शांतता.

"नाही. तिला अजून काहीच माहीत नाही."

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. चिऊचं नाव निघालं की हा माणूस डोळे पुसायचा, आणि इतकी वर्षं तीच वेडी त्याची समजूत घालत आली होती. तिला त्याची किळस आली. रेकॉर्डिस्टनं मशीन बंद करायला हात नेला, तो तिनं धरला.

"राहू दे," ती म्हणाली.

या वेळची शांतता बरीच लांबली. नवरा मान डोलावत ऐकत होता. मग त्यानं काचेकडे, थेट ताईकडे पाहिलं.

"हो, बाहेरच आहे," तो कोपऱ्याला म्हणाला. "तूच बोलव ना तिला..."

दाराची मूठ आतून हळूच फिरली. नवरा अजून खुर्चीतच बसला होता.