मर्ट कर्नेनच्या घराकडचा चढ

एमर, दार लोटून घे. वारा आत येतोय.

आमच्या शेजारच्या डोनल गॅल्विनची गोष्ट. त्याने मला एकदाच सांगितली, पुन्हा कधी विषय काढला नाही.

गेल्या वर्षी, संत ब्रिजिदच्या सणाची आदली रात्र, म्हणजे जानेवारीची शेवटची. पाऊस भुरभुरत होता, थंडी मात्र बेताचीच. डोनल गॅसची सिलिंडरं पोचवतो. जेवायला बसतोय तोच खिंडीवरून म्हाताऱ्या हॅना कर्नेनचा फोन. गॅस संपून शेगडी विझलीय.

"सकाळी ने की," बायको म्हणाली.

"म्हातारी रात्रभर कुडकुडेल गं," म्हणून हा निघाला.

काय रे कहल, हसतोस का?

"किती ग्लास झाले होते, काका?"

चहा झाला होता, गाढवा. ऐक.

हॅना म्हणजे मर्ट कर्नेनची नात. चर्चसमोर ज्याची पाटी आहे, तो मर्ट. सोळाव्या वर्षी घरातून पळाला, बोटीवर लागला, तीनदा दक्षिण ध्रुवाच्या बर्फात जाऊन आला. शेवटच्या खेपेला सोबत नेड हसी होता, आपल्याच गावचा. बर्फाच्या चकाकीने नेडचे डोळे गेले. मर्टने त्याला तंबूत बसवलं, "खायला घेऊन येतो" म्हणाला आणि तळावर गेला. परत निघाला तर वादळ. तंबू सापडलाच नाही. निदान मर्टने तसं सांगितलं. गावाने त्याची बँड लावून मिरवणूक काढली. नेडच्या आईने तेवढं दार उघडलं नाही.

तर ओढ्याला पाणी चढलेलं. डोनलने गाडी अलीकडेच ठेवली, एक लहान सिलिंडर डाव्या खांद्यावर घेतलं, पायपुलावरून पलीकडे गेला आणि चढ चढू लागला.

अर्ध्या वाटेवर उजव्या खांद्यावर हात पडला.

कुणी ओळखीचं असेल, असं त्याला वाटलं. आंधळा माणूस धरतो ना, तसा तो हात. धरून मागे मागे चालणारा.

"अजून किती, मर्ट?"

डोनलच्या तोंडून निघून गेलं, "आलंच."

मग त्याला कळलं, आपण काय बोललो. मागे पावलं वाजत होती. ओल्या डांबरावर वाजतात तशी नाहीत... कुरकुर, कुरकुर. बर्फावर वाजतात तशी.

त्याने वळून पाहिलं नाही.

"तू आला होतास," मागून आवाज आला. रागाचा नव्हता. "तंबूच्या बाहेर उभा होतास. तुझा खोकला मी ओळखतो, मर्ट."

डोनलने पावलं उचलली.

"मी हाक मारली. तू उभाच राहिलास. मग पावलं लांब गेली..."

"आंधळ्याला ओढत नेलं असतं तर," मागून पुन्हा आलं, "दोघंही मेलो असतो. हो ना?"

डोनल चालत राहिला. बोटं रुतत होती. खांदा गार. मान गार. वर हॅनाच्या खिडकीत उजेड.

त्याने दार वाजवलं. हॅनाने उघडलं. तिने डोनलकडे पाहिलंच नाही. त्याच्या मागे पाहिलं. बराच वेळ. मग दाराची चौकट धरली.

"आजोबा झोपेत ओरडायचे," ती म्हणाली. "काय ओरडायचे, ते मी कुणालाच सांगितलं नाही."

आणि बाजूला झाली.

"या आत. दोघंही या."

खांद्यावरचा हात सुटला. डोनलने कशीबशी शेगडी पेटवून दिली. शेगडीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहायची त्याची छाती झाली नाही. हॅनाने कपबश्या मांडल्या. तीन.

"तू जा आता, डोनल," ती म्हणाली. "मला यांच्याशी बोलायचंय."

तो धावत सुटला.

सकाळी दूधवाल्याला हॅना खुर्चीत गेलेली सापडली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं.

डोनलने त्याच डॉक्टरांना सदरा काढून दाखवला. उजव्या खांद्यावर पाच बोटं उमटली होती. पांढरीफटक. डॉक्टरांनी विचारलं, "इतकं बर्फ कुठे लागलं तुला?"

आपल्या केरी परगण्यात त्या आठवड्यात बर्फ पडलंच नव्हतं.

अजूनही त्या पाच जागी सुई टोचली, तरी डोनलला कळत नाही.