तपासून घेतलेले ताजे बूट

"अकरा किलो दोनशे ग्रॅम," दशांश म्हणाला. त्याने बादली काट्यावरून उतरवून पुन्हा ठेवली. "नाही, दोनशे पाच. मघाशी मी नीट वाकून बघितलं नव्हतं."

"पाच ग्रॅमचं काय घेऊन बसलायस?" भोंगा म्हणाली. ती हळू बोलली तरी जेवणघराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं, म्हणून तर तिला हे नाव पडलं होतं. "काल बीट होतं तेव्हा दीड किलोसुद्धा उरलं नव्हतं. आज सगळ्यांनी गाजरं बादलीत ओतलीत."

 चिठ्ठीचे केस अजून ओले होते आणि वेणीतून ठिबकणाऱ्या पाण्याने सदऱ्याची पाठ भिजली होती. सकाळी मळ्यातून आलेली भाजी बघून घ्यायचं काम तिचं, पण त्या वेळी ही बाईसाहेब पोहण्याच्या तलावात डुंबत होती. "मावसबहीण आलीय, एकच दिवस," असं सांगून ती गेली होती. भाजी बघूनच गेली असेल, असं दोघांनी धरलं होतं.

सुट्टी असली तरी शाळेचं जेवणघर चालू होतं. सुट्टीतल्या शिबिराला येणारी दीडशे मुलं तिथे दुपारी जेवायची. ती मुलं भाजीकडे ढुंकूनही बघत नाहीत, हे बघून या तिघांनी एक पथक काढलं. गावाबाहेरच्या मावशीच्या मळ्यातून रोज सकाळी ताजी भाजी आणायची, ती कुठून आली ते दाराजवळच्या पाटीवर लिहून लावायचं आणि मुलांना खायला लावायचं. चिठ्ठीचं अक्षर देखणं, म्हणून पाटीवरचं कार्ड ती लिहायची. भोंगा ते बाकावर उभी राहून वाचायची. दशांश उरलेलं अन्न मोजायचा. पथकाचा नियम एकच होता, आणि तो चिठ्ठीनेच केला होता. क्रेट उघडून, भाजी हातात घेऊन, मगच कार्ड लिहायचं.

तो नियम तिने काल मोडला होता. पोहायला जायची घाई होती आणि मावशीने आठवडाभराची यादी आधीच दिली होती. मग काय, मंगळवारीच तिने बुधवार, गुरुवार, शुक्रवार अशी तीनही कार्डं सुबक अक्षरात लिहून टाकली. आजच्या कार्डावर होतं, 'मावशीच्या मळ्यातली गाजरं. आज पहाटे उपटलेली.'

"लाकूड चावल्यासारखं लागतंय," मागून आवाज आला.

मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, ताटातला गाजराचा तुकडा चमच्याने उलटापालटा करत होत्या. "ही पहाटे उपटलेली? पुढच्या वर्षभराची भाजी मी तुमच्या मावशींकडून घ्यायची ठरवत होते. ही अशी असेल तर नको बाई. उद्या दहा वाजता त्यांना माझ्या खोलीत बोलवा, मी स्वतः नाही म्हणून सांगते."

बाई गेल्या.  चिठ्ठीने ती गाजरं पाहिलीच नव्हती.

तासाभरात तिघं सायकली दामटत मळ्यावर पोचली. मावशी वाफ्यात वाकून तण काढत होत्या. त्या तशा कुणाच्याच मावशी नव्हत्या, पण गावातली सगळी मुलं त्यांना मावशीच म्हणायची. भोंगाने एका दमात सगळं सांगितलं.

मावशी उठून उभ्या राहिल्या. "गाजरं? माझी गाजरं अजून जमिनीत आहेत, बाळांनो. दहा दिवस तरी लागतील. आज मी फरसबी पाठवली. यादी बदलली म्हणून क्रेटमध्ये कागदही ठेवला होता. वाचला नाहीत का?"

दशांश आणि भोंगा चिठ्ठीकडे बघायला लागले.

"कागद... दिसला नाही," चिठ्ठी म्हणाली. हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. 

"पण फरसबी पोचली तर होती," मावशी म्हणाल्या आणि घरातून एक पावती घेऊन आल्या. त्यावर शाळेच्या कोठीचा शिक्का होता, खाली कोठीवाल्या काकांची सही आणि छापील ओळ, 'माल तपासून घेतला. ताजा आहे.'

"म्हणजे फरसबी आली, काकांनी तपासली आणि मग तिची गाजरं झाली," दशांश म्हणाला. "हे रसायनशास्त्रात बसत नाही."

मावशी हसल्या नाहीत. "त्या पलीकडे तीन वाफे नवे केलेत, तुमच्या शाळेसाठी. बाई नाही म्हणाल्या तर ती भाजी मी कुठे नेऊ?" एवढं बोलून त्या पुन्हा वाफ्यात बसल्या, आणि चिठ्ठीला तिथे उभं राहवेना. आत्ता सांगून टाकावं असं तिला फार वाटलं. पण तिचे पाय सायकलीकडे वळले आणि ती सगळ्यांच्या पुढे निघाली.

"शोधायचं," वाटेत ती जोरात म्हणाली. "ज्याने हे केलं त्याला सोडायचं नाही." आपला आवाज तिलाच परका वाटला. चूक दुसऱ्या कुणाची तरी निघावी, अगदी ठळक, आपलं कार्ड तिच्या मागे झाकलं जाईल एवढी मोठी, असं ती मनातून मागत होती.

फरसबी सापडायला फार वेळ लागला नाही. भोंगाचं नाक तिच्या आवाजाइतकंच तेज होतं. जेवणघराच्या मागे खेळाच्या सामानाची खोली होती. तिथे उंच उडीच्या गादीआड चार क्रेट एकावर एक रचलेले होते. फरसबी मलूल होऊन पडली होती. वरच्या क्रेटमध्ये मावशीचा कागद होता. 'गाजर तयार नाही. आज फरसबी. कार्डावर बदल करा.'

बाकीचे दोघं खालचे क्रेट उचकत होते तेवढ्यात चिठ्ठीने तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात टाकला.

मळ्यातून रोज भाजी आणणारा टेम्पोवाला दादा संध्याकाळी गाडी धूत असताना तिघांनी त्याला गाठलं.

"मी काय करणार?" तो म्हणाला. "साडेसहाला येतो तर कोठीला कुलूप. काका कालच म्हणाले, आता सुट्टीत मी उशिरा येतो, तू आपला माल समोरच्या खेळाच्या खोलीत सावलीत ठेव आणि जा. मी ठेवला सावलीत."

"मग पावतीवर सही कोण करतं?" दशांशने विचारलं.

"काकाच. कालच करून ठेवल्यात." दादाने समोरच्या कप्प्यातून दोन पावत्या काढून दाखवल्या. गुरुवार आणि शुक्रवार. शिक्का, सही, सगळं तयार. माल मात्र अजून वाफ्यातच होता. "रोज थांबायला नको, म्हणून त्यांनीच दिल्या."

"बघितल्याशिवाय सही!" भोंगा गरजली आणि समोरच्या झाडावरचे दोन कावळे उडाले. "किती बेजबाबदार माणूस! हो की नाही गं, चिठ्ठे?"

"हो ना," चिठ्ठी म्हणाली.

"लगेच बाईंकडे जाऊ."

"नको," दशांश म्हणाला. "काका म्हणतील, मी तपासून घेतला होता, नंतर कुणीतरी हलवला. सही आहेच. आपल्याला असं काहीतरी हवं, जे कुणीच तपासून घेणार नाही."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग भोंगाची नजर आपल्या फाटक्या बुटांवर गेली.

गुरुवारी सकाळी मावशीच्या मळ्यातून टेम्पो निघाला, तेव्हा त्यात ओल्या गोणपाटाने झाकलेला एकच क्रेट होता. तो भरायला भोंगाच्या मोठ्या भावाने, दशांशच्या आजोबांनी आणि मावशीच्या शेजाऱ्यांनी सढळ हाताने मदत केली होती. एका बुटात तर उंदराने घर केलं होतं. ते रिकामं असल्याची खात्री दशांशने करून घेतली. खरा पालक मावशी स्वतः घेऊन येणार होत्या.

साडेसहाला टेम्पोवाल्या दादाने क्रेट खेळाच्या खोलीत ठेवला, मावशीच्या हिश्शाची पावती ठरल्याप्रमाणे दशांशच्या हातात दिली आणि शीळ घालत निघून गेला. तिघं उंच उडीच्या गादीमागे दबा धरून बसली. सात वाजले, आठ वाजले. दशांशला दोनदा शिंक आली.

साडेनऊला कोठीवाले काका आले. कुलूप काढलं, कोठीत डोकावले आणि कपाळावर हात मारून घेतला. "आजही आली नाही वाटतं भाजी," ते स्वतःशीच म्हणाले. समोरच्या खोलीत बघावं हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. टेम्पोवाल्याला आपणच काय सांगितलं होतं, ते ते साफ विसरले होते.

मग त्यांनी एक गोष्ट केली, ती तिघांना खोलीच्या खिडकीतून दिसली आणि ऐकूही आली. ते चालत जेवणघराच्या दारापाशी गेले, पाटीपुढे उभे राहिले आणि चष्मा वर करून चिठ्ठीचं कार्ड वाचलं. तिथूनच त्यांनी बाजारातल्या शीतगृहाला फोन लावला. "हॅलो, आज पालक पाठवा. हो, पालकच. पाटीवर पालक लिहिलाय. काल नाही का, गाजर लिहिलं होतं म्हणून गाजर मागवलं? तसंच. कुणाला कळत नाही."

गादीमागे चिठ्ठीला आता सगळं कळलं. काकांनी आपल्या मनाने गाजरं आणली नव्हती. तिच्या कार्डाने मागवली होती. पाटी कोरी असती तर काकांना विचारावं लागलं असतं, की आज काय यायचं होतं? कुणीतरी मावशींना फोन केला असता. फरसबी पहिल्याच दिवशी सापडली असती.

"ऐकलंस?" भोंगा तिच्या कानात कुजबुजली. ते काकांनी ऐकलं नाही हे नशीबच. "आता सापडले."

दहा वाजता मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे जमले. मावशी पालकाची जुडी मांडीवर घेऊन खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या. बाईंनी काही बोलायच्या आत दशांशने पावती त्यांच्यापुढे ठेवली आणि भोंगाने क्रेट.

बाईंनी पावती मोठ्याने वाचली. "गुरुवार. माल तपासून घेतला. ताजा आहे." मग गोणपाट उचललं.  बाईंनी दोन बोटांनी एक बूट उचलून काकांच्या समोर धरला. "हा किती ताजा आहे, सांगता का?"

 सगळं बाहेर आलं. उशिरा येणं, आधीच केलेल्या सह्या, शीतगृहातली गाजरं, गादीआडची फरसबी. ते कसंबसं म्हणाले, "पण बाई, पाटीवर गाजर लिहिलेलंच होतं. मला वाटलं..."

"मुलांवर ढकलू नका," बाई कडाडल्या. "ती मुलं क्रेट उघडून बघितल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाहीत. तुमच्यापेक्षा ती शंभरपट जबाबदार आहेत. उद्यापासून कोठीत यायचं कारण नाही." मग त्या तिघांकडे वळल्या आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "शाबास रे. आणि या अक्षराचं तर मला पहिल्यापासून कौतुक आहे."

काका मान खाली घालून दाराकडे निघाले. त्यांनी चिठ्ठीकडे बघितलंही नाही. आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं त्यांना खरोखर वाटत होतं.

आता गप्प बसायचं, बस्स. कुणाला काही कळणार नव्हतं. चिठ्ठी तेवढा एक क्षण गप्प बसली, आणि तो क्षण तिला पुढे कितीतरी दिवस छळत राहिला.

"काका खोटं बोलत नाहीयेत," ती म्हणाली. "मी क्रेट उघडलाच नव्हता. मंगळवारीच तीन दिवसांची कार्डं लिहिली. मला पोहायला जायचं होतं." तिने खिशातून मावशीचा कागद काढून टेबलावर ठेवला. "हा मला काल सापडला. मी लपवला. काकांनी जे केलं तेच मी केलंय, बाई. फक्त माझं अक्षर चांगलं आहे."

भोंगाचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून आवाज मात्र आला नाही. दशांश जमिनीकडे बघत म्हणाला, "काल संध्याकाळी तरी आम्हाला सांगायचंस." ते तिला बाईंच्या कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग दोघांना एकच न्याय लावावा लागेल. काका, तुम्ही रोज साडेसहाला कोठीच्या दारात हजर पाहिजे. नाहीतर मी आहे आणि तुम्ही आहात. मावशी, वर्षभराची भाजी तुमचीच. माझं चुकलं, मीही चव घेतली आणि चौकशी केली नाही." मग त्या चिठ्ठीकडे वळल्या. "आणि तू. दीडशे मुलांना वाटतंय, मावशींची भाजी लाकडासारखी असते."

"भोंगा सांगेल ना?" चिठ्ठीने अगदी बारीक आवाजात विचारलं. "तिचा आवाज..."

"भोंगाने कार्ड लिहिलं नव्हतं," मावशी म्हणाल्या. एवढ्या वेळात त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

जेवणाच्या वेळी चिठ्ठी बाकावर चढली. पहिलं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही, म्हणून तिला ते पुन्हा म्हणावं लागलं. कालची गाजरं मावशींची नव्हती. कार्डावर मी खोटं लिहिलं. मावशींची काही चूक नव्हती, माझी होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

पुढच्या रांगेतल्या एका छोट्या मुलीने हात वर केला. "मग आजचा पालक मावशींचा आहे, हे तरी कशावरून?"

 कालपर्यंत चिठ्ठी म्हणाली असती, कार्ड वाच. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," ती आज म्हणाली. "स्वतः बघ."

ती छोटी खरंच ताट ठेवून उठली. तिच्यामागे आणखी पाच जण उठले, मग सगळं बाक, मग सगळं जेवणघर. स्वयंपाकघराच्या दारात दीडशे मुलांची रांग लागली. मावशी क्रेटपाशी उभ्या राहून एकेकाच्या हातात पालकाचं पान देत होत्या. मुलं पानाची माती बोटाने पुसत होती, वास घेत होती, दोघातिघांनी कच्चंच खाऊन बघितलं. कोठीवाले काका बाजूला उभे राहून, कुणी सांगितलं नसताना, जुड्या मोजून देत होते.

त्या दिवशी बादलीत सातशे ग्रॅम उरलं. दशांशने आकडा सांगितला, पण चिठ्ठीकडे न बघता. भोंगा तिच्याशी बोलली ती थेट संध्याकाळी, आणि तेही एवढंच, की तिची सायकल वाटेत आडवी आली आहे.

निघताना मावशींनी रिकामे क्रेट उचलले आणि चिठ्ठीला हाक मारली. "बाईंसमोर बोललीस ते मला आवडलं," त्या म्हणाल्या. "पण काल मळ्यात बोलली असतीस, तर रात्री मला झोप लागली असती."

चिठ्ठीने मान हलवली. सॉरी म्हणायला तिने तोंड उघडलं, पण त्याऐवजी तिने एक क्रेट उचलला आणि मावशींच्या मागोमाग रस्त्यापर्यंत चालत गेली.