साहेबांच्या गल्लीतला फेटा

नवरी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकली नसती, तर यातलं काहीच झालं नसतं.

कल्याणच्या त्या जुन्या गल्लीत मी नवरी मुलींना नऊवारी नेसवायला जाते. रेल्वेच्या गोऱ्या साहेबांसाठी बांधलेले दगडी बंगले, उतरती कौलं, व्हरांड्यांना लाकडी जाळ्या... सगळं अजून जपून ठेवलंय. म्हणून लग्नाआधीचे फोटो काढायला तिथे जोडप्यांची झुंबड. आणि नऊवारी नेसवावी तर कांताबाईनेच. हे मी नाही, अख्खी डोंबिवली सांगते.

त्या दिवशी व्हरांड्याच्या पायरीवर एक म्हातारा मांडीवर कापड उलगडून बसलेला. नवरदेवाला फेटा बांधायला आलेला. धोंडिबा नाव. स्वतःच्या डोक्यावर मात्र साधी टोपी!

"लोकांना फेटे आणि स्वतःला टोपी?" मी म्हटलं.

"बांधून दाखवू कोणाला? घरात बघणारं माणूस राहिलं नाही."

"आरसा आहे ना?"

"आरसा शेमला सरळ करत नाही, बाई. पाठीवर सोडलेलं टोक ते... दुसऱ्यानेच बघायचं असतं."

माझेही मालक जाऊन बरीच वर्षं झालेली; मी त्याच्या शेजारी पायरीवर टेकले.

नवरीचा पत्ता नव्हता. फोटोवाला सूरज ओरडला, "आजी, आजोबा, जरा जाळीपाशी उभे राहा ना! लाइट बघतो."

उभी राहिले. चाफ्याचा वास, जाळीतून सांडलेलं ऊन, आणि शेजारी हा – कोपरही लागू नये म्हणून अंग चोरून.

"सरका की जवळ. खाते की काय मी?"

"खाल असं वाटत नाही... हसाल का, तेवढं बघतोय."

हसले. मेल्या सूरजने नेमका तेव्हाच फोटो काढला.

मग त्या गल्लीत काम निघालं की धोंडिबा हजर. माझ्या डब्यातही भाकरी जास्तीची जायला लागली. एकदा खाता खाता म्हणाला, "कांताबाई, लग्न करू या. तुमच्या घरी विचारायला येऊ?"

"या. पण टोपी घालून आलात तर दारातूनच परत पाठवीन."

तेवढ्यात सूरजने तो फोटो मोबाइलवर सगळीकडे पाठवला. माझा लेक सुशांत लालेलाल. "आई, ह्या वयात? सोसायटीत तोंड दाखवायला जागा नाही!"

"तोंड माझं आहे. आणि फोटोत बरं आलंय."

सून हेमा ओढणीत हसली.

रविवारी बेल वाजली. दारात धोंडिबा, डोक्यावर केशरी फेटा! सुशांत दार अडवून उभा. "काका, तुम्ही निघा. आईला असलं काही करायचं नाहीये."

शेजारची दारं उघडली. धोंडिबाने माझ्याकडे एकदा बघितलं... आणि वळला.

पाठीवर शेमला मुरगळलेला, वाकडा. फेटे बांधणाऱ्याचा!

"अहो, थांबा!"

सुशांतला बाजूला सारून मी उंबरा ओलांडला. अख्ख्या मजल्यादेखत तो शेमला सोडवला, झटकला, पाठीवर सरळ केला. हात तिथेच ठेवला.

"हां. आता नवरदेव दिसताय," मी म्हटलं. "चला आत. हेमा, चहा टाक. आणि सूरजला फोन लाव – पुढच्या रविवारी साहेबांच्या गल्लीत, जाळीपाशी. ह्या वेळी नवरी वेळेवर येईल म्हणावं."